दोनदा सांगणारी बाई

बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाईंना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय होती. सवय कसली, नोकरीच तशी. गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठे जाणार, वाटेत कुठे थांबणार नाही, हे एकदा सांगितलं तर अर्ध्या लोकांच्या कानात शिरत नाही. दुसऱ्यांदा सांगितलं की आणखी थोडे जागे होतात. आणि जे उरतात ते बूथच्या काचेवर टकटक करून विचारतात, बाई, आमची गाडी कुठं लागलीय? बाई त्यांना तिसऱ्यांदा सांगतात, पण ते माइकवर नाही आणि त्यात गोडवाही नाही.

ही दोनदाची खोड घरीही यायची. जेवण वाढलंय, जेवण वाढलंय. दार लावून घ्या, दार लावून घ्या. लेक लहान होती तेव्हा आईच्या पाठोपाठ तीही दोनदा ओरडायची आणि घरात हसायला विषय व्हायचा. आता लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती. घरात बाई आणि त्यांचे यजमान एवढेच होते, आणि हसण्याचा विषय निघाल्याला बराच काळ लोटला होता.

यजमानांना सगळे मास्तर म्हणत. जन्मभर शाळेत भाषा शिकवली, निवृत्त झाले, आणि मग निवांत वाचू म्हणून बाजूला ठेवलेली पुस्तकं हाती घेतली तोच डोळ्यांनी दगा दिला. आधी ओळीच्या मधोमध डाग दिसायला लागला, मग अक्षरं विरघळली, मग माणसांचे चेहरेही. डॉक्टरांनी करायचं ते केलं आणि शेवटी आहे तेवढं सांभाळा म्हणून हात टेकले. मास्तरांनी वाद घातला नाही. ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले आणि बसूनच राहिले. हाक मारली तर ओ देत, ताट पुढे आलं तर जेवत. पण बोलत नसत.

बाईंनी सुरुवातीलाच एक प्रयत्न करून पाहिला होता. कपाटातलं एक पुस्तक काढलं, चष्मा चढवला आणि वाचायला घेतलं. दोन पानं होतात न होतात तोच मास्तर म्हणाले, "अगं, पुस्तक वाचतेस की गाडी सोडतेस?" बाईंनी पुस्तक मिटलं. त्यांना ते लागलं. ज्या आवाजावर घर चाललं, लेकीचं शिक्षण झालं, तो आवाज या माणसाच्या पुस्तकाला चालत नाही, हे एकदाच सांगितलं होतं तरी त्यांना नीट ऐकू आलं. पुन्हा त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही.

पण खुर्चीतला तो माणूस बघून त्या थकत. फलाटावरच्या गर्दीनं कधी थकल्या नाहीत एवढ्या थकत. घरी परतताना जिन्यातच त्यांचे पाय जड व्हायचे, कारण वर गेल्यावर तोच गप्प चेहरा. डोळे गेले ते गेले. पण पुस्तक परत मिळालं नाही तर हा माणूसही हळूहळू जाईल, बसल्या जागीच, हे त्यांना कळून चुकलं होतं. लेकीला त्यांनी फोनवर ते सांगितलंही. लेक म्हणाली, आई, आता सगळं नेटवर असतं, साहित्याचं तर काय हवं ते मिळेल, तू शोध फक्त.

तू शोध फक्त. सांगणाऱ्याचं काय जातं!

बाई रोज पाळी संपली की जेवणं उरकायच्या आधी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मोबाइलमध्ये शोधत. मास्तरांनी शिकवलेल्या एका लेखकाचं नाव त्यांनी घातलं, तर परीक्षेच्या नोट्सचा ढीग पुढे आला. दहा गुणांसाठी उत्तर, पाच गुणांसाठी उत्तर, थोडक्यात कथानक, अतिथोडक्यात कथानक. एका साइटवरचा मजकूर दुसरीवर शब्दाला शब्द उतरवलेला होता, अगदी चुकांसकट. एका ठिकाणी पूर्ण पुस्तक मोफत असं लिहिलं होतं. तिथे बाईंनी बोट लावलं तर केस गळण्यावरच्या औषधाची जाहिरात उघडली आणि ती बंद करायची फुली काही केल्या सापडेना. दुसरीकडे पुस्तक खरोखरच होतं, पण फक्त मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका. तिसरीकडे एक पोरगा नमस्कार मित्रांनो म्हणून जो सुरू झाला तो बराच वेळ आपल्याच चॅनेलचं कौतुक करत राहिला, आणि कविता आली तेव्हा मागे ढोल वाजायला लागले. मास्तर म्हणाले, बंद कर.

मग लेकीनं मोबाइलवर आपोआप वाचून दाखवणारी सोय लावून दिली. यंत्राचा आवाज स्वच्छ होता, उच्चारही बरे होते. पण ते वाक्याच्या मध्येच पानाचा आकडा वाचायचं, दर पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नावही वाचायचं. नायकाची आई मरायला टेकलेली आणि ऐन तिच्या शेवटच्या शब्दात पृष्ठ एकशे बारा. मास्तरांनी हातानंच नको म्हटलं. बाईंना त्या यंत्राची जरा दयाच आली. निदान दोनदा तरी वाचत नव्हतं बिचारं.

कुणी दुसरी असती तर सोडून दिलं असतं. बाईंनी सोडलं नाही, त्यात जिद्द वगैरे काही नव्हती. खुर्चीकडे बघत बसण्यापेक्षा मोबाइलकडे बघत बसणं त्यांना सोपं वाटे, एवढंच. शोधता शोधता त्यांना एकेक गोष्ट कळत गेली. पुस्तकाच्या नावापुढे लेखकाचं नाव जोडलं की कचरा कमी होतो. भडक रंगाची, उड्या मारणारी साइट उघडायचीच नाही. जी दिसायला अगदी रडकी, सरकारी दप्तरासारखी असते तिच्यात माल असतो. अशाच एका रडक्या साइटवर त्यांना कुठल्याशा विद्यापीठातली जुनी व्याख्यानं सापडली. बोलणाऱ्या वयस्कर प्राध्यापिका होत्या. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, आणि मधूनमधून वर्गातली बाकं सरकल्याचा आवाज.

बाईंनी फोन खुर्चीच्या हातावर ठेवला आणि आपण पोळ्या लाटायला गेल्या. थोड्या वेळानं बाहेरून मास्तरांचा आवाज आला. साफ चूक आहे, ते म्हणत होते. बाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. मास्तर फोनकडे तोंड करून त्या प्राध्यापिकेशी भांडत होते: तुम्ही त्या पात्राला दुबळं म्हणता, अहो, दुबळं माणूस इतकं गप्प राहू शकत नाही. प्राध्यापिका आपलं म्हणणं पुढे रेटत होत्या, मास्तर आपलं. बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या दारातच उभ्या राहिल्या. तव्यावरची पोळी करपली आणि त्या दिवशी दोघांनी ती तशीच खाल्ली.

व्याख्यानांवर काही आठवडे बरे गेले. मास्तर भांडत, जेवताना त्याबद्दल चार शब्द बोलत. मग व्याख्यानं संपली. मास्तर म्हणाले, पुस्तकाबद्दल किती ऐकायचं, पुस्तक ऐकायला हवं. आणि पहिल्यांदाच त्यांनी आपणहून एका पुस्तकाचं नाव घेतलं. एक जुनी कादंबरी होती. दोन भाऊ आणि उतारूंना नदीपार नेणारी त्यांची मिळून एक नाव. बापाच्या पश्चात भावांचं बिनसतं, बोलणं तुटतं, पण नाव एकच, तेव्हा एक दिवस एकानं वल्हवायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं. नदीच्या काठावर दोघांची आयुष्यं अशी एकाआड एक जातात. मास्तरांनी ती कितीतरी वर्षं वर्गात शिकवली होती. ती एकदा ऐकायला मिळाली तर बघ, म्हणाले.

ती मिळाली. हौशी लोकांनी चालवलेली एक साइट होती. कुणीही जुनं पुस्तक वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि तिथे ठेवायचं. आंधळ्यांना, म्हाताऱ्यांना, परीक्षेला बसलेल्यांना, ज्याला हवं त्यानं ऐकायचं. भावांची कादंबरी तिथे कुणा वृद्धानं वाचून ठेवलेली होती. वाचणाऱ्याचं नाव दिलेलं नव्हतं. ते मधे पाणी पीत, पान उलटताना खोकत, एखादं वाक्य आवडलं की क्षणभर थांबत. मास्तर डोळे मिटून ऐकत. हा वाचणारा जाणता आहे, ते म्हणाले. संध्याकाळी बाई घरी आल्या की मास्तर विचारत, लावतेस का? जिन्यातलं पायांचं जडपण थोडं कमी झालं होतं. पुरतं गेलं नव्हतं.

आणि शेवटचं प्रकरण तिथे नव्हतंच.

त्या जागी पुढील भाग लवकरच असं लिहिलं होतं, आणि ते लवकरच फार जुन्या तारखेचं होतं. बाईंनी साइटवाल्यांना विचारलं. त्यांचं उत्तर आलं की ते गृहस्थ आता हयात नाहीत. उरलेलं प्रकरण कुणी वाचून दिलं तर आनंद होईल. मूळ पुस्तकाची पानं एका जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयानं नेटवर टाकली आहेत, दुवा सोबत जोडला आहे. बाईंनी मास्तरांना फक्त एवढंच सांगितलं की वाचणारे गेले. मास्तरांनी फोन चाचपून बाजूला सरकवला. मग म्हणाले, "शेवट मला पाठ आहे गं. पण ऐकायचा होता." आणि खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळली.

बाईंना राग आला. त्या मेलेल्या माणसाचा आला, साइटचा आला, आणि सगळ्यात जास्त मास्तरांचा आला. घरात एक धडधाकट आवाज आहे, पगारी आवाज आहे, पण साहेबांना तो चालणार नाही, आणि मी वाचते म्हणायची आपली हिंमत नाही. रागाच्या भरातच त्यांनी ठरवलं की प्रकरण आपण वाचायचं, साइटवर टाकायचं, आणि नवा वाचक मिळाला म्हणून लावून द्यायचं. ओळखू येऊ नये म्हणून घोषणेचा सूर काढून टाकायचा. आणि काही झालं तरी दोनदा म्हणायचं नाही.

रेकॉर्ड करायला बूथएवढी चांगली जागा नव्हती. चारी बाजूंनी काच, दार लावलं की बाहेरची गडबड बंद. दुपारी गाड्यांची वर्दळ ओसरली की बाईंना थोडी उसंत मिळे. आधी त्यांनी प्रकरण नुसतं वाचून पाहिलं. पहिल्यांदा त्यांना ते काही समजलं नाही. काहीच घडत नाही यात, असं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्या मधेच थांबल्या आणि चष्मा पुसू लागल्या. थोरल्या भावाचे हात वयानं निकामी झालेत. त्याची पाळी आहे, पण तो वल्ह्याला हात लावत नाही. उतारूंच्या फळीवर जाऊन बसतो. नाव सोपवायला आलेला धाकटा बघतो, काही म्हणत नाही, आणि वल्हं उचलतो. पुस्तकात असं काही असतं, हे इतकी वर्षं पुस्तकांच्या घरात राहून बाईंना माहीत नव्हतं. मास्तर वर्गात हे सांगत असतील, आणि आपण तेव्हा गाड्या सोडत होतो, असं त्यांच्या मनात आलं.

आता माइकबद्दल सांगायला हवं. बूथमधल्या माइकचं बटण बोलताना दाबून धरावं लागे. गर्दीच्या वेळी घोषणेवर घोषणा आली की अंगठा भरून येई, म्हणून बाईंनी एक युक्ती काढली होती: बटणावर रबरबँड चढवायचा की ते दाबलेलंच राहतं. गर्दी ओसरली की रबरबँड काढून मनगटात घालायचा. वर्षानुवर्षं तो असा बटणावरून मनगटावर आणि मनगटावरून बटणावर जात होता. त्या दुपारी बाईंच्या डोक्यात दोन भाऊ होते. रबरबँड बटणावरच राहिला.

त्यांनी दार लावलं, फोन माइकच्या दांडीला टेकवून उभा केला, कॉलेजच्या साइटवरची पानं दुकानातून छापून आणली होती ती पुढे ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. अगदी हळू, सूर खाली ठेवून. भोंगे फलाटांच्या पलीकडच्या टोकाला होते, आणि तसंही आपलाच आवाज भोंग्यातून ऐकणं बाईंच्या कानांनी कधीच सोडून दिलं होतं. त्यामुळे आपण काय करतो आहोत याचा त्यांना पत्ताच नव्हता. पत्ता अख्ख्या बसस्थानकाला होता.

नंतर चहावाल्यानं सगळं रंगवून सांगितलं. लोकांना आधी वाटलं की नदीला पूर आलाय आणि त्याचीच सूचना चाललीय. कुणी नावेत बसल्याचं कळलं तेव्हा एका आजीनं विचारलं, ही नाव कुठल्या फलाटाला लागते? काहीजण हसले, काहीजण वैतागले. बाकावरचा एक म्हातारा मात्र पिशवी मांडीवर घेऊन ऐकत राहिला आणि त्याची गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. दुसऱ्या एका गाडीची घोषणाच झाली नाही. एक अख्खं कुटुंब सामानासह मागे राहिलं आणि कंट्रोलर साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभं राहिलं.

कंट्रोलर साहेब बूथचं दार उघडून आत आले तेव्हा थोरला भाऊ नुकताच नावेत चढला होता. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी रबरबँडकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बाई, बटण चालू आहे." बाईंनी बटणाकडे पाहिलं, मग काचेबाहेर पाहिलं. सगळे फलाट त्यांच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या आवाजाकडे इतक्या लोकांनी कधी लक्ष दिलं नव्हतं, आणि त्यांना जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं.

लेखी खुलासा मागितला गेला. बूथमध्ये मोबाइल आणायला बंदी झाली, रबरबँडही गेला. बाईंनी खुलाशात खरं काय ते लिहिलं. साहेबांनी तो वाचला आणि फाइलला लावला. पुढे काय होईल ते वरचे ठरवतील, म्हणाले. उरलेली पाळी बाईंनी अंगठ्यानं बटण दाबून काढली. एकेक गाडी, दोन-दोन वेळा. चालक जाता-येता काचेतून हातानं वल्ही मारून दाखवत होते. घसा बसला होता, डोकं ठणकत होतं, आणि जिन्यातले पाय पुन्हा पहिल्यासारखे जड झाले होते.

घरी आल्यावर त्यांना काही लपवायचं त्राण नव्हतं, तरी त्यांनी ठरलेलं वाक्य म्हटलं. नवा वाचक मिळालाय, म्हणाल्या. फोन खुर्चीच्या हातावर ठेवला आणि आपण स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. पाणी पिण्याचं निमित्त होतं.

प्रकरण सुरू झालं. बाहेरून मास्तरांचा काहीच आवाज येईना. बंद कर म्हणाले नाहीत, चूक आहे म्हणाले नाहीत. बाईंना आपलाच आवाज ऐकू येत होता, खालच्या सुरातला, जरा घाबरलेला, आणि त्यांना तो अनोळखी वाटला. थोरला भाऊ घाटावर आला. उभा राहिला. नावेत चढला. मग दार उघडल्याचा आवाज, आणि कंट्रोलर साहेब: बाई, बटण चालू आहे. तिथे रेकॉर्डिंग संपलं.

मग मास्तर हसले. आधी नाकातून, मग खुर्ची हलेपर्यंत. किती दिवसांनी, हे बाईंना आठवेना. त्या दारात आल्या.

"सगळ्या स्टँडनं ऐकलं?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं की हो, ऐकलं, आणि एका म्हाताऱ्याची गाडी गेली, आणि खुलासा द्यावा लागला, आणि आता पुढे काय होईल कोण जाणे. आपल्याला कळतं, त्या म्हणाल्या, आपलं वाचन गाडी सोडल्यासारखं आहे, म्हणून तर लपून केलं. पण दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांचं हसू थांबलं. त्यांना बाईंचा चेहरा दिसत नव्हता, पण ते त्याच बाजूला बघत होते.

"मी पहिल्या वाक्यालाच ओळखलं तुला," ते म्हणाले. "पुढचं वाच."

बाईंनी पिशवीतून चुरगळलेली पानं काढली. स्टूल ओढून खुर्चीशेजारी बसल्या. घसा साथ देत नव्हता, आणि सूर खाली ठेवायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. जसं येत होतं तसं वाचलं. थोरला उतारूंच्या फळीवर बसला. धाकट्यानं वल्हं उचललं. नाव मधल्या धारेला लागली आणि तिथे थोरल्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाला विचारलं, दमलास का? धाकटा म्हणाला, हो. आणि तो वल्हवत राहिला.

तिथे पुस्तक संपत होतं. बाईंच्या ओठांवर दुसऱ्यांदा म्हणायचं आलं होतं, सवयीनं. त्यांनी ते गिळलं आणि पानांची घडी घातली. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मास्तरांनी हात पुढे करून चाचपडलं. आधी त्यांना स्टुलाची कड लागली, मग बाईंचा अंगठा, दुपारपासून बटण दाबून सुजलेला. तो त्यांनी धरून ठेवला.

"दुसऱ्यांदा नाही सांगत?" त्यांनी विचारलं.

बाईंनी घडी उघडली, चष्मा नीट केला आणि प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.